मुलांच्या हातीं मोबाईल व पालकांचें कर्तव्य

मूल बुडेल म्हणून गांवची विहीर बुजविणारा मनुष्य आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. विहिरीवांचून मळा पिकत नाहीं व घरही चालत नाहीं. म्हणून शहाणे लोक तीन गोष्टी करितात. विहिरीस कठडा बांधितात. मूल जाणतें झालें म्हणजे कमरेस दोर व पाठीस सुका भोपळा बांधून त्यास पोहावयास शिकवितात. आणि पाण्यांत भय वाटलें तर मोठ्यानें हांक मार, असें त्यास बजावून ठेवितात. ह्या तिहींपैकीं एक राहिली तर बाकीच्या दोन अपुऱ्या पडतात. मोबाईल व इंटरनेट ह्यांच्या बाबतींतही हाच क्रम लागू आहे, असें आमचें मत झालें आहे. तें कसें झालें हें सांगावें, व पालकांच्या हातीं कांहीं उपयोगाची माहिती द्यावी, हा ह्या लेखाचा हेतु होय.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मुलांच्या हातीं मोबाईल गेला, ह्यांत एकट्या पालकांचा दोष नाहीं. २०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां आम्हीं शिक्षकांनींच घरोघर निरोप धाडले कीं, मुलास मोबाईल द्या, नाहीं तर त्याचा अभ्यास बुडेल. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईनें दुभती शेळी विकून मोबाईल घेतला, हें आम्हांस ठाऊक आहे. पुढें शाळा उघडल्या. मोबाईल मात्र घरांतच राहिला. तो कसा वापरावा, ह्याचा धडा आम्हीं तेव्हां दिला नव्हता. राहून गेलेला तो धडा आज देत आहों.

विहिरींत काय आहे

धोका कोणता हें कळल्यावांचून त्याचा बंदोबस्त होत नाहीं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील प्राध्यापिका सोनिया लिव्हिंगस्टन व त्यांच्या सहकारी मारिया स्टोइलोव्हा ह्यांनीं २०२१ सालीं ह्या धोक्यांचे चार वर्ग पाडून दाखविले आहेत. आपल्या भाषेंत ते मजकूर, माणूस, वागणूक व व्यवहार ह्या चार शब्दांनीं लक्षांत ठेवितां येतील.

पहिला वर्ग मजकुराचा. मारहाण, अश्लीलता, द्वेष, स्वतःस इजा करून घेण्याचे प्रकार, खोट्या बातम्या, हें सर्व मुलाच्या डोळ्यांपुढें येऊं शकतें. येथें एक गोष्ट पालकांनीं समजून घ्यावी. मूल ज्या व्हिडिओवर क्षणभर थांबतें, त्याच्यासारखे आणखी व्हिडिओ तें यंत्र आपण होऊन पुढें करितें. म्हणून एकदां चुकून पाहिलेली वाईट गोष्ट दहा वेळां समोर येते, आणि मुलास वाटतें कीं आपणच वाईट आहों. वास्तविक तो यंत्राच्या हिशेबाचा परिणाम असतो.

दुसरा वर्ग माणसांचा. खोटें नांव व दुसऱ्याचें छायाचित्र लावून एखादा परका मनुष्य मुलाशीं मैत्री करितो. पुष्कळदां ही ओळख एखाद्या निरुपद्रवी खेळांत होते. प्रथम स्तुति, मग खेळांतील नाण्यांची भेट, मग 'आपण दुसऱ्या ॲपवर बोलूं', मग 'घरीं सांगूं नकोस', अशा पायऱ्या असतात. शेवटचें वाक्य हीच खरी खूण होय. जी मैत्री आईबापांपासून लपवावयास सांगते ती मैत्री नव्हे, एवढें प्रत्येक मुलास पाठ असावें.

तिसरा वर्ग वागणुकीचा, आणि येथें आपल्याच मुलांकडे पाहावें लागतें. आपलें मूल नेहमीं त्रास सोसणारेंच असेल असें नाहीं. तें त्रास देणारेंही असूं शकेल. वर्गाच्या ग्रुपवर एखाद्याचें टोपणनांव चालविणें, एखादीस मुद्दाम ग्रुपमधून काढून टाकणें, कोणाचें चित्र विद्रूप करून फिरविणें, ह्या गोष्टी मुलांस थट्टा वाटतात. २०२३ च्या सप्टेंबरांत स्पेन देशांतील आल्मेंद्रालेखो नांवाच्या गांवीं काय झालें तें पाहा. शाळकरी मुलींचीं साधीं छायाचित्रें घेऊन, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें त्यांचीं खोटीं विवस्त्र चित्रें बनविण्यांत आलीं व गांवभर फिरलीं. तीं बनविणारे व फिरविणारे कोणी परके दरोडेखोर नसून त्याच परिसरांतील मुलगे होते. ज्या साधनानें तें घडलें, तें साधन आज आमच्या गांवांतही पोहोंचलें आहे.

चौथा वर्ग व्यवहाराचा. खेळ फुकट मिळतो, परंतु त्यांतील नाणीं व बंद पेट्या पैशांनीं विकत घ्याव्या लागतात. पेटींत काय निघेल तें आधीं कळत नाहीं. म्हणजे तें एक प्रकारें सोडतीचें तिकीटच झालें. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत संमत केला. तथापि नाणीं विकणारे खेळ त्यामुळें नाहींसे झालेले नाहींत. शिवाय मुलाचें नांव, शाळा, आवडनिवड, राहण्याचें ठिकाण, ही माहितीही एक प्रकारचा माल आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकास मूल मानिलें आहे, व पालकांच्या संमतीवांचून त्याची माहिती घेऊं नये, असें तत्त्व घालून दिलें आहे.

आमची एक चूक

आतां आमच्याच अनुभवांतील एक हकीकत सांगतों. मुलाची ओळख पटूं नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.

नववींतील एक मुलगा, बोलका व गणितांत हुशार, अकस्मात् गप्प झाला. एके दिवशीं तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, सहलीचे भरलेले पैसे परत मिळतील का?" कारण विचारतां त्यानें मान खालीं घातली. आम्हांस वाटलें, पोराचें लक्ष उडालें आहे. आम्हीं त्यास चार शब्द सुनावले. तिसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो पुन्हां आला व रडूं लागला. खेळांत ओळख झालेल्या एका 'मुलीनें' गोड बोलून त्याच्याकडून त्याचें एक खासगी छायाचित्र मागून घेतलें होतें. तें हातीं पडतांच तिकडचा सूर बदलला. पैसे पाठव, नाहीं तर हें चित्र तुझ्या साऱ्या वर्गास पाठवितों, अशी धमकी सुरू झाली. मुलानें आईच्या मोबाईलवरून दोन वेळां मिळून बाराशें रुपये पाठविले होते. प्रत्येक वेळीं मागणी वाढतच गेली. सहलीचे पैसे त्यास तिसऱ्या हप्त्यासाठीं हवे होते.

आम्हीं विचारलें, "अरे, घरीं कां नाहीं सांगितलेंस?" तो म्हणाला, "बाबा मोबाईल फोडतील आणि शाळा बंद करतील." मग थोडा थांबून म्हणाला, "आणि सर, तुम्हीच प्रार्थनेच्या वेळीं सांगितलें होतें ना, ज्याचें मोबाईलचें प्रकरण सांपडेल त्याचें नांव सर्वांपुढें घेणार म्हणून."

तें वाक्य आमचेंच होतें. शिस्तीसाठीं म्हणून आम्हीं तें मोठ्या आवाजांत उच्चारलें होतें. त्या मुलास धमकी देणाऱ्याजवळ दुसरें भांडवल तरी काय होतें? मुलास घरची भीति होती, शाळेची भीति होती. त्या दोन भीतींच्या बळावर एक अनोळखी मनुष्य दूर कोठेंतरी बसून त्यास नाचवीत होता. ती भीति घालण्यास घरानें व आम्हीं हातभार लाविला होता.

त्याच संध्याकाळीं वडिलांस बोलाविलें. मुलाच्या देखत कांहीं बोलण्यापूर्वीं त्यांस बाजूस घेऊन सर्व सांगितलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलाजवळ जाऊन म्हणाले, "बाळा, बाराशें रुपये गेले तर गेले. तूं एकट्यानें इतके दिवस कसे काढलेस?" पुढें पोलिसांकडे तक्रार झाली. पैसे परत मिळाले नाहींत. मुलगा मात्र हळूहळू वर्गांत पुन्हां बोलूं लागला. आणि आम्हीं प्रार्थनेच्या वेळीं उभें राहून आमचें पहिलें वाक्य मागें घेतलें.

कठडा

आतां प्रत्यक्ष उपायांकडे वळूं. कठडा म्हणजे मोबाईलमधील बंदोबस्त. ह्यास इंजिनियर असावें लागत नाहीं. एक रविवार पुरे होतो.

मुलाचें खातें उघडतांना जन्मतारीख खरी द्यावी. पुष्कळ पालक, खातें लवकर मिळावें म्हणून, मुलाचें वय स्वतःच वाढवून सांगतात. असें केल्यानें लहान मुलांसाठीं ठेविलेलें सर्व संरक्षण आपल्या हातानें काढून टाकिल्यासारखें होतें. उदाहरणार्थ, इन्स्टाग्रामनें २०२४ सालापासून किशोरवयीन मुलांसाठीं निराळीं खातीं काढिलीं आहेत. तीं आपोआप खासगी राहतात, परक्यांचे संदेश अडवितात, आणि सोळा वर्षांखालील मुलास त्यांतील निर्बंध सैल करावयाचे असल्यास पालकांची परवानगी लागते. परंतु हें सर्व खऱ्या वयावर अवलंबून आहे.

तेरा वर्षांची जी मर्यादा बहुतेक ठिकाणीं दिसते, तिचा अर्थ तेराव्या वर्षीं मूल शहाणें होतें असा नव्हे. अमेरिकेंत १९९८ सालीं झालेल्या एका कायद्यानें तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवांचून गोळा करण्यास मनाई केली. म्हणून कंपन्यांनीं ती रेषा धरली, इतकेंच. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस मोठ्या समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास बंदी केली आहे. सारांश, कायद्याची रेषा देशोदेशीं वेगळी आहे. आपल्या मुलाची तयारी किती, हें आपणच ओळखलें पाहिजे.

अँड्रॉईड मोबाईलवर गुगलचें फॅमिली लिंक नांवाचें विनामूल्य साधन आहे. त्यानें मुलाच्या मोबाईलची वेळ ठरवितां येते, व नवें ॲप घेण्यापूर्वीं पालकांची संमति लागेल अशी व्यवस्था करितां येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्यें प्रायव्हसी ह्या सदराखालीं ग्रुप्स म्हणून एक कलम आहे. तेथें 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडलें म्हणजे अनोळखी मनुष्य मुलास भलत्या ग्रुपमध्यें ओढूं शकत नाहीं. यूपीआयचा पिन मुलास सांगूं नये, मग मूल कितीही गुणी असो. आणि रात्रीं सर्वांचे मोबाईल, मुलांचे व मोठ्यांचेही, स्वयंपाकघरांतील एका फळीवर ठेवावेत. बापाचा मोबाईल उशाशीं आणि मुलाचा फळीवर, ही व्यवस्था फार दिवस टिकत नाहीं.

कठड्याचा एक दगड पालक स्वतःच काढितात, त्याविषयीं येथेंच बोलतों. मुलाचा वाढदिवस, शाळेचा गणवेश, घराचें दार, शिकवणीची वेळ, हें सर्व आपण हौसेनें स्टेटसवर लावितों. परक्या माणसास मुलाचा विश्वास संपादण्यासाठीं नेमकी हीच माहिती लागते. मुलाचें छायाचित्र लावण्यापूर्वीं त्यास विचारावें. ज्या मुलाची संमति घरीं विचारली जाते, तें मूल बाहेरच्यासही 'नाहीं' म्हणावयास शिकतें.

पोहणें

कठडा मुलास विहिरीपासून दूर ठेवितो. पण तें जन्मभर कठड्याबाहेर राहणार नाहीं. म्हणून शिकविणें आलें.

हें शिकविणें व्याख्यानानें होत नाहीं, शेजारीं बसून होतें. आठवड्यांतून एकदां मुलास म्हणावें, "बाळ, तूं खेळतोस तो खेळ मला दाखव बघूं." त्यास गुरु होऊं द्यावें. खेळ दाखवितांना तें आपण होऊन सांगेल कीं हा कोण, तो कोण, कोणी काय लिहिलें. चोरून मोबाईल तपासणाऱ्या पालकास जें कळत नाहीं, तें शेजारीं बसणाऱ्यास सहज कळतें. लहान मुलाचा मोबाईल त्याच्या देखत पाहण्यास हरकत नाहीं. मोठ्या मुलाच्या बाबतींत काय पाहणार व काय पाहणार नाहीं, हें आधीं सांगून ठेवावें.

त्यास तीन सवयी लावाव्या. पहिली, ज्यास प्रत्यक्ष ओळखत नाहीं त्यास आपलें छायाचित्र, पत्ता, शाळा अथवा ओटीपी देऊं नये. दुसरी, राग आला असतां उत्तर लिहूं नये. अर्धा तास थांबावें. तिसरी, दुसऱ्याची लाज जाईल असें चित्र आपल्याकडे आलें तर तें पुढें पाठवूं नये व साठवूंही नये. ही केवळ सभ्यतेची गोष्ट नाहीं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब ह्या कलमान्वयें मुलांचीं अश्लील चित्रें प्रसारित करणें, गोळा करणें किंवा उतरवून घेणें हा गुन्हा आहे, व पहिल्याच अपराधास पांच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केलें' हें त्यावर उत्तर होत नाहीं.

हांक

इतकें करूनही मूल कधीं घसरेल. तेव्हां त्यानें हांक मारावी, हें सर्वांत महत्त्वाचें. आणि तें आपण आधीं दिलेल्या वचनावर अवलंबून असतें. तें वचन असें असावें : "काहींही झालें तरी तूं मला येऊन सांग. मी तुला मारणार नाहीं, आणि सांगितल्याबद्दल मोबाईलही काढून घेणार नाहीं." हें आज, कांहीं घडलें नसतांना, सांगावें, घडल्यावर सांगण्यास उशीर होतो. आणि मूल सांगावयास आलें म्हणजे तें पाळावें. एकदां मोडलेलें वचन मूल विसरत नाहीं.

हांक ऐकूं आल्यावर काय करावें, तेंही क्रमानें लिहून ठेवितों. धमकी देणाऱ्यास पैसे देऊं नयेत. दिल्यानें मागणी थांबत नाहीं, वाढते. घाबरून संदेश पुसून टाकूं नयेत. समोरच्याचें नांव, क्रमांक व संदेश ह्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मुलाचें खासगी चित्र मात्र पुराव्यासाठींही कोणास पाठवूं नये. त्यानंतर उत्तर देणें बंद करून त्यास ब्लॉक करावें. पैसे गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितका लवकर, तितका पैसा वाटेंतच अडविला जाण्याचा संभव अधिक. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवितां येते, व मुलांवरील लैंगिक स्वरूपाच्या गुन्ह्याची तक्रार तेथें नांव न देतांही करितां येते. मुलांसाठीं १०९८ ही मदतवाहिनी आहे. तिच्यावर मूल स्वतःही बोलूं शकतें.

पुष्कळ घरीं अब्रूच्या भीतीनें तक्रार टाळितात. त्यांनीं हें जाणावें कीं, २०१२ च्या पोक्सो कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांस देणें हें कर्तव्यच ठरविलें आहे, आणि त्याच कायद्यानें मुलाची ओळख उघड न होऊं देण्याची तजवीजही केली आहे. चित्र पसरण्याचें भय असल्यास अमेरिकेंतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीं असलेल्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाऊन' नांवाची विनामूल्य सेवा आहे. ती इतर देशांतील मुलांसही खुली आहे. तींत चित्र कोणाकडे पाठवावें लागत नाहीं. मोबाईलवरच त्या चित्राची एक आंकडेबद्ध खूण तयार होते, व ती खूण पाहून सहभागी कंपन्या आपल्याकडील तें चित्र शोधून काढून टाकितात. व्हॉट्सॲपसारख्या गुप्त संभाषणांत तिची मात्रा चालत नाहीं, तरी ती निरुपयोगी नव्हे.

कांहीं पालक म्हणतील, आम्हांस ह्यांतलें कांहींच कळत नाहीं. आमच्या शाळेंत अशीं मुलें आहेत कीं ज्यांचे आईबाप ऊसतोडीस जातात, आणि दिवाळीनंतर कित्येक महिने तीं आजीपाशीं राहतात. आजीस अक्षरओळख नाहीं; सेटिंग्ज ती कोठून पाहणार? अशा घरांतील कठडा आम्ही शिक्षकांनीं बांधून द्यावा, हें रास्त आहे. पालकसभेच्या दिवशीं मोबाईल घेऊन यावें. कठड्याचें काम आम्ही समोर बसून करून देऊं. परंतु तिसरी गोष्ट आजीच्या हातीं आहे. नातू जेवतां जेवतां गप्प झाला, ताट तसेंच ठेवून उठला, मोबाईल वाजतांच दचकला, हें तिच्या इतकें लवकर कोणास दिसणार? त्या वेळीं तिनें जवळ घेऊन "काय झालें रे बाळा? मी रागावणार नाहीं," एवढें विचारलें, तर मुलाच्या रक्षणाचें अर्धें काम झालें.

असो. विहीर आतां गांवांतून जाणार नाहीं. कठडा ह्या रविवारीं बांधावा. पोहावयास शिकविण्यास कांहीं वर्षें लागतील. आणि हांकेचें वचन आज रात्रीं जेवणाच्या वेळींच द्यावें, अशी सर्व पालकांस विनंति करून हा लेख पुरा करितों.